मेजर राणे : चार दिवस आणि अठ्ठावीस वर्षं

परमवीर चक्राची मानपत्रं ओळीनं वाचत गेलं की बहुतेकांचा सूर एकच लागतो. समोर शत्रू किती होता, आपले किती उरले, संगिनी कधी चढल्या, शेवटची गोळी कधी सुटली. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचं मानपत्र या रांगेत वेगळं पडतं, कारण त्यात सगळीकडे वेळा आहेत. सकाळी सहाला काम सुरू. दुपारी तीनला वळणरस्ता मोकळा. पाचला पुढचा अडथळा. सव्वासहाला उजेड गेला म्हणून काम थांबलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला पुन्हा सुरू. साडेसहाला झाडं हटली, साडेदहाला पुढचा हजार यार्डांचा पट्टा साफ. मग अन्न नाही, विश्रांती नाही आणि रात्री नऊपर्यंत काम. चाकणच्या एखाद्या शिफ्ट इन्चार्जच्या हातात हा कागद दिला तर तो आधी विचारेल, या माणसाचा ओव्हरटाइम किती झाला?

त्या कागदात कुणाला ठार मारल्याचं वर्णन नाही. रस्ता केल्याचं आहे. देशातला सर्वोच्च लष्करी सन्मान एका माणसाला रस्ता मोकळा केल्याबद्दल मिळाला, ही गोष्ट पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तरी नीट जाणून घ्यायला हवी. एक तर आपलं सगळं पोट रस्त्यावर अवलंबून आहे. आणि दुसरं म्हणजे, ज्या इंजिनिअर्स कोअरमध्ये राणेंनी अधिकारी म्हणून नोकरी केली, त्या कोअरचं विद्यापीठच म्हणावं असं महाविद्यालय आपल्या शहराच्या पोटात आहे.

पिंपरीहून मेट्रोनं पुण्याकडे निघालं की कासारवाडी, फुगेवाडी सोडता सोडता एका बाजूला दाट झाडी सुरू होते. इकडे पत्र्याची शेड, गॅरेज, दुकानांच्या पाट्या. तिकडे हिरवा पट्टा, आखीव रस्ते, मोकळी मैदानं. मेट्रो होण्याआधी रस्त्यावरून जाणाऱ्याला फक्त भिंत दिसायची. ही सीएमई, कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग. १९४३ मध्ये रुरकीला स्कूल म्हणून सुरू झालेली ही संस्था स्वातंत्र्यानंतर दापोडीला आली आणि १९५१ मध्ये तिला कॉलेजचा दर्जा मिळाला. आवार सुमारे ३,६०० एकरांचं. लष्कराच्या इंजिनिअर अधिकाऱ्याला पूल बांधण्यापासून सुरुंग काढण्यापर्यंतचं शिक्षण इथे मिळतं. हॅरिस पुलावरून मुळा ओलांडली की खडकी, आणि तिथे बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनिअर सैनिकांच्या पलटणीचं, केंद्र. म्हणजे सॅपरच्या घडणीतल्या दोन मोठ्या जागा एकाच नदीच्या दोन काठांवर आहेत. जुन्या माणसांच्या तोंडी आजही 'सफरमैना पलटण' असाच उल्लेख येतो.

राणे याच खडकीच्या पलटणीत साधे शिपाई म्हणून दाखल झाले, ते १० जुलै १९४० रोजी. जन्म २६ जून १९१८ चा, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. तेव्हा हा भाग मुंबई इलाख्यातल्या उत्तर कानडा जिल्ह्यात होता. वडील पोलीस शिपाई, त्यामुळे बदल्या, आणि बदल्यांमुळे शाळेची आबाळ. १९३० मध्ये कायदेभंगाचं वारं सुटलं, बारा वर्षांच्या रामाला त्याची ओढ लागली. पोलिसाचा मुलगा सत्याग्रहाच्या मागे लागतोय म्हटल्यावर वडिलांनी सगळं बिऱ्हाड चेंडियाला हलवलं. दहा वर्षांनी हाच मुलगा इंग्रजांच्या फौजेत भरती झाला. यात विसंगती शोधणाऱ्यांनी जरूर शोधावी. कोकण-कारवार पट्ट्यातल्या कमी जमिनीच्या घरात त्या काळी पोलीस, पलटण, बोट आणि मुंबईची गिरणी एवढेच पर्याय असायचे, हे मात्र ध्यानात ठेवावं.

भरतीच्या प्रशिक्षणात ते सर्वोत्तम रंगरूट ठरले आणि कमांडंटची छडी त्यांना मिळाली. मग ब्रह्मदेश. २६ व्या इन्फंट्री डिव्हिजनबरोबर आराकानच्या आघाडीवर २८ फील्ड कंपनीत त्यांनी काम केलं. ब्युथिडाँगहून माघार घेताना त्यांना दोन तुकड्यांसह मागे ठेवलं गेलं. काम होतं शत्रूच्या हाती लागू नये ते सगळं नष्ट करायचं. ते झाल्यावर आरमाराच्या जहाजानं त्यांना उचलायचं ठरलं होतं. ते जमलं नाही. जपानी गस्त असलेली नदी आपल्या आपण ओलांडून राणे आणि त्यांची माणसं बावली बाजारला आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाली. त्यानंतर हवालदार, मग जमादार. १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना इंजिनिअर्स कोअरमध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळालं.

ही तारीख महत्त्वाची आहे. सेकंड लेफ्टनंट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर विशीतलं पोर येतं. पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल १९७१ मध्ये परमवीर ठरले तेव्हा एकवीस वर्षांचे होते. राणे जम्मू भागातल्या राजौरीच्या रस्त्यावर उतरले तेव्हा तिशीला टेकले होते आणि गाठीशी आठ वर्षांची शिपाईगिरी होती. सुरुंग कसा पुरतात, घाबरलेला माणूस कुठे पाय टाकतो, दमलेल्या तुकडीकडून किती काम होतं, हे त्यांनी खालून वर येताना शिकून घेतलं होतं. पुढचे चार दिवस समजून घ्यायला मला ही गोष्ट शौर्याइतकीच मोलाची वाटते.

काश्मीरचं पहिलं युद्ध सुरू होतं. नोव्हेंबर १९४७ मध्ये, दिवाळीच्या दिवसांत, राजौरी शहर हल्लेखोरांच्या हाती पडलं. त्या वर्षी दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. शहरात मोठी कत्तल झाली, बायकांनी विहिरी जवळ केल्या. देशभर स्वातंत्र्याची पहिली दिवाळी साजरी होत असताना तिथे हे चाललं होतं. डिसेंबरात झांगरचं ठाणं गेलं. फेब्रुवारीत नौशेऱ्याची मोठी लढाई झाली, नाईक जदुनाथ सिंग तिथेच पडले. १८ मार्च १९४८ रोजी ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या ५० पॅराशूट ब्रिगेडनं १९ इन्फंट्री ब्रिगेडच्या जोडीनं झांगर परत घेतलं. आता लक्ष्य राजौरी. शहरात अडकलेल्या लोकांपर्यंत लवकर पोहोचायला हवं होतं, कारण माघार घेणारी टोळी जाताना काय करते याचा अनुभव ताजा होता.

नौशेरा ते राजौरी अंतर पन्नासेक किलोमीटर. रस्ता डोंगरातून, मुनव्वर तवी नदीच्या काठानं जाणारा. पायदळ डोंगरावरून जाऊ शकतं, पण टँक जाऊ शकत नाही. सेंट्रल इंडिया हॉर्सचे स्टुअर्ट टँक पुढे न्यायचे तर रस्ता हवा, आणि माघार घेताना शत्रूनं तो जागोजागी मोडून, झाडं आडवी पाडून, सुरुंग पेरून ठेवला होता. ८ एप्रिलला ४ डोगरा पलटणीनं नौशेऱ्याच्या उत्तरेला ११ किलोमीटरवरची बरवाली कड घेतली. तिच्या पलीकडे गाडा अडला. ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका तुकडीचे प्रमुख म्हणून राणे तिथे होते.

नादपूरजवळ सुरुंग काढायला सुरुवात करताच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन सॅपर जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. त्यांनी तुकडी पुन्हा जमवली आणि काम चालू केलं. संध्याकाळपर्यंत टँक बरवालीच्या पुढे आले, आणि मशीनगनचा मारा चालू असतानाही राणे रात्री दहापर्यंत रस्त्यावरच होते.

सुरुंग हातानं काढणं म्हणजे काय, ते थोडं जवळून पाहायला हवं. माणूस पोटावर झोपतो. हातात संगीन किंवा लोखंडी सळी. ती जमिनीत उभी खुपसायची नाही, तिरकी सरकवायची, म्हणजे टोक सुरुंगाच्या माथ्यावर न लागता कडेला लागतं. माथा दाबला की स्फोट. कडेला काही टणक लागलं की हात थांबतो, बोटांनी माती सारायची, आकार ओळखायचा, मग तो निकामी करायचा किंवा दूर न्यायचा. आणि तळहाताएवढी जागा पुढे सरकून पुन्हा तेच. हे सगळं मान खाली घालून करायचं असतं. डोंगरावरून मशीनगन चालते आहे, तिच्याकडे बघायचं नाही, तिला उत्तर द्यायचं नाही. पायदळाचा सैनिक निदान गोळी झाडून भीतीला वाट करून देतो. सॅपरला ती सोय नसते.

राणेंबद्दल एक हकिगत आवर्जून सांगितली जाते. मारा थांबेना तेव्हा ते टँकच्या पोटाखाली शिरले. टँक त्यांच्या वेगानं, इंचाइंचानं पुढे सरके आणि त्याच्या आडोशानं ते समोरचे सुरुंग काढत जात. आतल्या ड्रायव्हरला खाणाखुणा कळाव्यात म्हणून दोन दोऱ्या बांधलेल्या होत्या. एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. स्टुअर्ट हा चौदा-पंधरा टनांचा हलका टँक, त्याच्या पोटाखाली जेमतेम हातभर जागा. ड्रायव्हरचा दोरीचा अंदाज एकदा चुकला असता तरी पुढचं मानपत्र लिहावं लागलं नसतं. वर्कशॉपमध्ये जॅकवर चढवलेल्या गाडीखाली सरपटणाऱ्या फिटरलासुद्धा ही कल्पना नकोशी वाटेल.

९ तारखेला सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत राणेंनी टँकांसाठी वळणरस्ता मोकळा केला. रणगाडे निघाले तसे ते सगळ्यात पुढच्या कॅरिअरमध्ये जाऊन बसले. अर्ध्या मैलावर चीडाची झाडं आडवी पाडलेली. उतरले, सुरुंगानं झाडं उडवली, पुन्हा चढले. तीनशे यार्डांवर तोच प्रकार. पाच वाजत आले होते, रस्ता सापासारखा डोंगराला वेटोळे घालत चाललेला. पुढची मोरी उडवलेली. तिथे हात घालणार तोच मशीनगन सुरू झाली. त्यांनी बाजूनं वाट काढून दिली. सव्वासहाला अंधारून आलं तेव्हा समोर पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग आणि दोन्हीवर रोखलेल्या मशीनगन. राणेंची तयारी होती, पण तांडा रात्रीपुरता मागे सुरक्षित जागी घेतला गेला.

पहाटे पावणेपाचला ते त्याच पाच झाडांपाशी परत आले. दोन तासांच्या आत झाडं हटली. पुढचे हजार यार्ड म्हणजे एकामागून एक अडथळे आणि उडवलेले बांध. अंगावर दोन दिवसांपूर्वीची जखम. साडेदहाला तेही झालं. मग टँक रस्ता सोडून तवीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. चिंगस म्हणजे जुन्या मोगल वाटेवरची सराई; काश्मीरहून परतताना वारलेल्या जहांगीर बादशहाची आतडी तिथे पुरली, अशी आख्यायिका आहे.

कुणीही म्हटलं असतं, झालं काम. टँक पोहोचले ना? मानपत्राचा खरा कस मला इथे लागलेला दिसतो. टँक नदीतून गेले, पण त्यांच्यामागून इंधन, दारूगोळा, रेशन आणि जखमींना आणणाऱ्या गाड्या नदीतून जाऊ शकत नाहीत. राणे मागेच थांबले आणि त्या गाड्यांसाठी रस्ता करत राहिले, रात्री नऊपर्यंत. ११ तारखेला पुन्हा सकाळी सहा. अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता वाहतुकीला खुला. त्यानंतर पुढच्या टप्प्यावर रात्री दहापर्यंत काम. १२ एप्रिलला फौजा राजौरीत शिरल्या. राजौरीचे लोक दर वर्षी १३ एप्रिलला राजौरी दिवस पाळतात.

याच कामाला, याच पलटणीतल्या एका माणसाला याआधीही सर्वोच्च पदक मिळालं होतं. १९४१ च्या सुरुवातीला ॲबिसिनियात, रॉयल बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमींद्र सिंग भगत यांनी सलग ९६ तास काम करून ५५ मैलांच्या रस्त्यावरची १५ सुरुंगक्षेत्रं साफ केली. स्फोटानं कानाचे पडदे फाटले तरी ते हटले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले. दोघांच्या कामात विलक्षण साम्य आहे; दोघांच्या पुढच्या नोकरीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडला. एक अकादमीतून आलेला, दुसरा शिपाई म्हणून भरती झालेला. उशिरा कमिशन मिळालेल्या माणसाच्या हाताशी वर चढायला वर्षंच कमी उरतात.

आणि सुरुंगाचंच म्हणाल तर चाकणला ते परके नाहीत. जून १६६० मध्ये शाइस्ताखानानं संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी भुईकोट असूनही तो ५६ दिवस लढवला. तोफांनी जमलं नाही तेव्हा मोगलांनी बुरुजाखाली भुयार खणून सुरुंग पेरला आणि ऑगस्टच्या मध्यावर बुरूज उडवला. किल्ला गेला. खानानं देऊ केलेली चाकरी फिरंगोजींनी नाकारली आणि ते शिवाजी महाराजांकडे परतले. त्या किल्ल्याचे पडके अवशेष आज कंटेनरच्या रांगांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. कारखान्यात रोज येणाऱ्यांपैकी किती जण तिकडे वळतात, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

परमवीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली, अंमल १५ ऑगस्ट १९४७ पासून धरून. राणेंचं पदक २१ जून १९५० च्या राजपत्रात जाहीर झालं. काश्मीरच्या त्या पहिल्या युद्धात पाच परमवीर. सोमनाथ शर्मा, जदुनाथ सिंग आणि पिरू सिंग गेले. राणे आणि करम सिंग जगले. जिवंतपणी हे पदक मिळालेले पहिले सैनिक म्हणून राणेंचं नाव घेतलं जातं, आणि इंजिनिअर्स कोअरमध्ये हे पदक त्यांच्याखेरीज कुणाकडे नाही. पदकाची घडणही एका मराठी लष्करी घरात झाली. विक्रम खानोलकर या अधिकाऱ्याशी लग्न करण्यासाठी स्वित्झर्लंडहून आलेल्या सावित्रीबाई खानोलकरांनी त्याचं रेखाटन केलं: कांस्याचं छोटं वर्तुळ, इंद्राच्या वज्राच्या चार आकृती, जांभळी फीत. पहिलं परमवीर चक्र ज्यांना मिळालं ते सोमनाथ शर्मा त्यांच्या मुलीचे दीर लागत. फौजी घरांची सोयरीक फौजेतच व्हायची, त्याचा हा एक दाखला.

इथवरची माहिती कुठल्याही पुस्तकात सापडते. माझी तक्रार इथून पुढे आहे. राणेंच्या लष्करी नोकरीची वर्षं अठ्ठावीस. त्यातल्या चार दिवसांवर पानंच्या पानं, आणि १९४८ नंतरच्या वीस वर्षांवर दोन ओळी. त्या दोन ओळींत काय असतं? कामगिरीबद्दल युद्धवृत्तात पाच वेळा नामोल्लेख, आणि १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्ती. पन्नाशी पुरी होता होता ते बाहेर पडले, नंतर पुनर्नियुक्तीवर १९७१ पर्यंत लष्करातच राहिले. देशातलं सर्वोच्च पदक छातीवर असलेला माणूस मेजरच्या हुद्द्यावर थांबला, आणि त्याबद्दल कुठे गाऱ्हाणं नाही. एवढंच आपल्यापर्यंत पोहोचलं आहे.

घराबद्दलचे तपशीलही मोजकेच. पदक मिळालं तेव्हा राणे अविवाहित होते. १९५४ मध्ये रजेवर कारवारला आले असताना तिथल्या शिवाजी हायस्कूलमधल्या एका विद्यार्थिनीशी ओळख झाली आणि ३ फेब्रुवारी १९५५ रोजी लग्न झालं. नवरदेव छत्तिशीचे. माहेरच्या लीला सासरी राजेश्वरी झाल्या. मग फौजी संसार: बदली, सामानाच्या पेट्या, पुन्हा बदली. निवृत्तीनंतर हे कुटुंब पुण्यात स्थायिक झालं. ज्या खडकीत बाविसाव्या वर्षी रंगरूट म्हणून आले, त्याच शहरात राणेंनी म्हातारपण काढलं. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यातच त्यांचं निधन झालं. वय ७६.

अधिकाऱ्याची नोकरी आणि घर हे दोन वेगळे कप्पे आहेत असं आपण समजतो. देहूरोड, दिघी, खडकी या भागांत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हे पटणार नाही. फील्ड पोस्टिंग लागलं की नवरा पुढे, बायको-मुलं मागे क्वार्टरमध्ये. दोन-तीन वर्षांनी शाळा बदलायची, मित्र बदलायचे. गॅस सिलिंडरपासून सासूच्या ऑपरेशनपर्यंत सगळं एकट्या बाईनं निभवायचं आणि पत्रात 'इकडे सर्व क्षेम' लिहायचं. रजेवर आलेला बाप मुलांना पहिले चार दिवस पाहुणा वाटतो, आणि तो घरातला वाटू लागेपर्यंत रजा संपते. या घरांमधल्या बायकांची नोकरी कुठल्याच सेवापुस्तकात चढत नाही. शौर्यकथा लिहिणाऱ्यांना तिथे काही घडतंय असं दिसत नाही, कारण तिथे स्फोट होत नाहीत.

आठवण नेहमी थराराला चिकटते, हे आपल्या शहरानं आणखी एका उदाहरणात पाहिलं आहे. जनरल अरुणकुमार वैद्य मूळचे अलिबागचे. १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्सचं नेतृत्व केलं म्हणून महावीर चक्र, १९७१ मध्ये बसंतरच्या आघाडीवर पुन्हा तेच. १९८३ ते १९८६ या काळात ते लष्करप्रमुख होते. १० ऑगस्ट १९८६ रोजी, निवृत्तीनंतर जेमतेम सहा महिन्यांत, पुण्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीत शेजारी पत्नी होती. पुढच्याच महिन्यात पिंपरीत एका मोटरसायकलची ट्रकशी टक्कर झाली आणि त्यातून मारेकऱ्यांचा माग लागला. पिंपरीतल्या जुन्या लोकांकडे जनरल वैद्यांचा विषय काढला तर तो ट्रक आधी आठवतो. दोन वेळा महावीर चक्र मिळवलेला माणूस चाळीस वर्षं फौजेत काय करत होता, ते नंतर, तेही आठवलं तर.

सीएमईशी शहराचं नातंही सलामीपुरतं नाही, ते लपवण्यात अर्थ नाही. बोपखेलच्या लोकांचा रोजचा रस्ता सीएमईच्या आवारातून जात होता. २०१५ मध्ये तो बंद झाला. शाळा, नोकरी, दवाखाना, सगळ्यासाठी लांबचा वळसा आला आणि त्या मे महिन्यात आंदोलन पेटलं. लष्करानं मुळेवर तात्पुरता तरंगता पूल टाकून दिला, तो पावसाळ्याच्या तोंडावर काढावा लागला. महापालिकेचा पक्का पूल व्हायला त्यानंतर अनेक वर्षं गेली. सुरक्षेची बाजू मला कळते. पण रस्ता ही केवढी गोष्ट असते हे ज्या संस्थेत शिकवलं जातं, तिच्या भिंतीपाशीच गावाचा रस्ता तुटावा, हे बरं झालं नाही, एवढं म्हणायलाच हवं. त्याच भिंतीच्या आत २६ डिसेंबर २०१९ रोजी पूल बांधण्याच्या सरावात टॉवर कोसळून दोन जवान गेले. ते ना राजौरीत होते, ना सीमेवर. ते दापोडीत होते.

या पट्ट्यात फौजेतून परतलेली माणसं भरपूर आहेत. शिपाई म्हणून भरती झालेला जवान पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडतो. मुलं शाळेत असतात, घराचे हप्ते सुरू व्हायचे असतात. मग मेस्कोची, म्हणजे माजी सैनिकांच्या महामंडळाची, वर्दी, किंवा कारखान्याच्या गेटवर, स्टोअरमध्ये, वाहतूक विभागात नोकरी. १९६५ च्या युद्धात जबर जखमी झालेले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक आणणारे मुरलीकांत पेटकर पिंपरीच्या टेल्कोत नोकरी करत होते. पद्मश्री मिळेपर्यंत २०१८ उजाडलं. पेटकरांना निदान सुवर्णपदक तरी होतं. गेटवर आपल्या गाडीचा पास तपासणाऱ्या माणसानं सियाचीनला दोन हिवाळे काढले आहेत की नाही, हे आपण कधी विचारत नाही.

राणेंच्या स्मारकांची कमतरता नाही. कारवारच्या किनाऱ्यावर आयएनएस चपळ या युद्धनौकेच्या संग्रहालयापाशी त्यांचा पुतळा आहे. शिपिंग कॉर्पोरेशननं आपल्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं होतं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात परमवीरांच्या रांगेत त्यांचा अर्धपुतळा आहे, आणि २३ जानेवारी २०२३ पासून अंदमानातल्या एका बेटाचं नाव राणे द्वीप आहे. समुद्रकाठच्या गावात जन्मलेल्या माणसाच्या नावाचं जहाज आणि बेट, हे छानच. त्यांनी आयुष्यभर केली ती मात्र डोंगरातली, चिखलातली, गाड्या पुढे जाव्यात म्हणूनची कामं.

म्हणून दोन मागण्या मांडतो. पहिली महापालिकेकडे आणि एमआयडीसीकडे. चाकण-तळेगाव पट्ट्यात पुढचा जो नवा रस्ता होईल, त्याला मेजर रामा राघोबा राणे यांचं नाव द्यावं. चौकाला नको, चौकात पुतळे आणि फ्लेक्स येतात. रस्त्यालाच द्यावं, आणि पाटीवर ८ ते ११ एप्रिल १९४८ चं वेळापत्रक मानपत्रात आहे तसं मराठीत छापावं.

दुसरी मागणी वाचकांकडे. तुमच्या सोसायटीत, चाळीत, कारखान्यात फौजेतून निवृत्त झालेलं कुणी असेल, नायक असो, सुभेदार असो की कर्नल, तर एखाद्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसा. पदकाबद्दल विचारू नका. कुठे कुठे बदली झाली, घर कुणी सांभाळलं, मुलं किती शाळांत शिकली, बाहेर पडल्यावर पहिली नोकरी कुठे लागली, हे विचारा. बोलणाऱ्याच्या शेजारी त्यांची पत्नी बसली असेल तर तिला आधी विचारा. आणि ऐकाल ते तारखांसकट वहीत उतरवून ठेवा. राणेंच्या बाबतीत हे कुणी वेळेत केलं नाही, आणि आता त्या वीस वर्षांचं सांगायला ते नाहीत.